फोन वाजला तरी धावू नका



गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. दर एकादशीला पहिल्या रांगेत बसणाऱ्या आपल्या एक काकू लागोपाठ दोन एकादश्या मंदिरात दिसल्या नाहीत. नाव छापू नका, पण गोष्ट जरूर लिहा, असं त्यांनीच सांगितलं म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशी दुपारी काकू स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होत्या. हॉलमधला फोन वाजला. साताऱ्याचे भाऊ आजारी, तीन दिवस काही कळलं नव्हतं. काकूंनी गॅस बंद केला आणि ओले हात पदराला पुसत लगबगीने निघाल्या. पॅसेजमधल्या पायपुसण्याची कड दुमडलेली होती. पाय अडकला, तोल गेला आणि त्या डाव्या कुशीवर पडल्या. पडल्या पडल्या त्यांना हॉलमधला फोन मशीनवर गेल्याचं ऐकू आलं. बोलत होती एक रेकॉर्ड केलेली बाई : तुमच्या घराच्या छताला उबदार अस्तर बसवून हवं असेल तर एक नंबर दाबा.

सून कामावरून आली तोपर्यंत काकू चार तास लादीवर पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, पुढे अकरा आठवडे वॉकर. पलंग जिन्याखालच्या खोलीत आला तो अजून तिथेच आहे. साताऱ्याला जायचं तिकीट रद्द झालं, भावाची भेट राहिली ती राहिलीच. आणि धावून वाचणार होते ते फार तर दहा सेकंद.

मी निवृत्त फिजिओथेरपिस्ट. इथल्या इस्पितळांत बरीच वर्षं काढली, आता मंदिराच्या ज्येष्ठ कल्याण समितीत आहे. पडून आलेल्या माणसाला "कसे पडलात?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पाय घसरला." पण "त्याच्या आधी काय चाललं होतं?" असं विचारलं की खरी हकिकत बाहेर येई. दाराची घंटा वाजली होती. बस आली होती. रात्री लघवीला घाईची लागली होती. आणि सगळ्यांत जास्त वेळा, फोन वाजला होता.

एनएचएसच्या माहितीप्रमाणे पासष्टीच्या पुढच्या तिघांपैकी एक जण आणि ऐंशीच्या पुढच्या दोघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. सगळ्यांचीच हाडं मोडतात असं नाही. तरी या देशात खुब्याचं हाड मोडणाऱ्यांची संख्या वर्षाला ७०,०००हून अधिक आहे. म्हणून घाईत शरीरात नेमकं काय होतं, ते समजून घ्यायला हवं.

आपण बसलेले किंवा आडवे असतो आणि एकदम उभे राहतो, तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मेंदूकडे जाणारा दाब क्षणभर कमी होतो. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत हा दाब ओळखणाऱ्या नसा असतात. त्या लगेच निरोप पाठवतात, हृदय भराभर ठोके देतं, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब पुन्हा जागेवर येतो. तरुणपणी हे इतकं चटकन होतं की पत्ताही लागत नाही. वय वाढलं की ही व्यवस्था सुस्तावते. काम करते, पण वेळ घेते. तेवढ्या वेळात आपण चालायला लागलेलो असलो तर डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय हलके होतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर त्याला आजार म्हणून नोंदवतात. तुमचा रक्तदाब बहुधा खुर्चीत बसवूनच मोजतात. उठल्यावर चक्कर येत असेल तर "उभ्यानेही मोजा" असं सर्जरीत सांगा. त्यात संकोच कसला?

काही गोष्टींनी हा उतार वाढतो. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी साफ होण्यासाठीच्या गोळ्या, पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात त्यातल्या काही गोळ्या. (म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला विचारायचं.) गरम पाण्याची आंघोळ. भरपेट जेवण, कारण तेव्हा रक्त पोटाकडे वळलेलं असतं. आणि आपल्याकडचं खास कारण म्हणजे निर्जळी उपास. अंगात पाणीच कमी असलं तर दाब सावरायचा कशाच्या जोरावर? ऐंशीच्या घरात निर्जळी करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की पाणी प्या. देव रागावणार नाही. रागावलाच तर माझं नाव सांगा.

आता मंदिरातलं चित्र आठवा. तासभर मांडी घालून बसलेलो असतो. आरती सुरू झाली की सगळे एकदम उठतात, आपणही शेजाऱ्याच्या बरोबरीने उठतो. मागे राहिलो तर कसं दिसेल! गेल्या वर्षी दोघांना मी याच क्षणी भिंतीला टेकताना पाहिलं. उठण्याआधी बसल्या जागी पावलं वरखाली हलवा, मुठी आवळा, सोडा. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की खाली साठलेलं रक्त वर ढकललं जातं. मग खुर्चीचा किंवा खांबाचा आधार घेऊन उठा आणि उठल्यावर लगेच पाऊल टाकू नका. किती थांबायचं ते मोजायला घड्याळ नको, अकरा वेळा नाम घ्या. सकाळी पलंगावरून उठतानाही तसंच. आधी काठावर बसा, पाय खाली सोडा, नाम घ्या, मग उभे राहा. आरती बसून म्हटली तरी चालते, हे आपल्या गुरुजींनी मागच्या महिन्यात सर्वांसमोर सांगितलंच आहे.

रक्तदाब ठीक असला तरी घाईचा दुसरा धोका उरतोच. चालताना ठेच लागली तर शरीर झटकन पुढे पाऊल टाकून तोल सावरतं. ती चपळाई देणारे स्नायूंचे तंतू वयाबरोबर सगळ्यांत आधी झिजतात. शिवाय म्हातारपणी चालणं हे आपोआप होणारं काम राहत नाही, त्याला मेंदूचं लक्ष लागतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा अभ्यास छापला होता. वृद्धाश्रमातल्या लोकांबरोबर चालताना त्यांच्याशी गप्पा सुरू करायच्या आणि कोण बोलण्यासाठी थांबतं ते बघायचं, एवढंच. जे थांबले ते १२ जण होते. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० जण पडले. अर्थ असा की ज्यांना बोलणं आणि चालणं दोन्ही एकदम पेलत नव्हतं, त्यांना पडण्याचा धोका जास्त होता. काकूंच्या मनात त्या वेळी सातारा होतं. पायांकडे लक्ष द्यायला मनाचा कोपराही मोकळा नव्हता. म्हणून वाजणारा फोन हातात घेऊन जिना उतरायचा नाही, कितीही सरावाचा जिना असला तरी. चष्मा बदलायचा असेल तर तोही आधी. वाचायच्या चष्म्यातून पायरी जिथे दिसते तिथे ती नसते.

रस्त्यावरचंही एक सांगून टाकते. सिग्नलजवळ पोचलो आणि हिरवा माणूस आधीपासूनच दिसत असला, तर तो जाऊ द्या, पुढचा आपला. आणि मध्यावर असताना हिरवा माणूस विझला म्हणून धावत सुटू नका. तो दिवा फक्त रस्ता ओलांडायला सुरुवात करण्यापुरता असतो. आधीच उतरलेल्यांना पलीकडे पोचायला त्यानंतरही वेळ ठेवलेला असतो. हे माहीत नसल्यामुळे आपली माणसं रस्त्याच्या मधोमध घाबरतात. बसमध्ये चढलात की ड्रायव्हरला सांगा, "मी बसेपर्यंत थांबाल का?" नाही म्हणणारा ड्रायव्हर मला तरी आजवर भेटलेला नाही.

तर फोन. वाजून बंद झाला तर काहीही हरवत नाही. घरच्या फोनवर १४७१ फिरवलं की शेवटचा फोन कोणाचा होता ते कळतं, मग आपण सावकाश उलटा फोन करायचा. एक बिनतारी फोन आपल्या रोजच्या खुर्चीशेजारी आणि एक उशाशी असावा. पण यातलं निम्मं काम मुलासुनांचं, लेकीजावयांचं आहे. हे वार्तापत्र त्यांच्याही हाती पडतं म्हणून लिहिते. चार वेळा घंटी वाजली की तुम्ही ठेवून देता आणि रात्री म्हणता, "आई, फोन का उचलत नाहीस?" तिने पुढच्या वेळी धावावं अशी तुमची इच्छा आहे का? वीस घंट्या होऊ द्या. मशीन मध्येच फोन घेत असेल तर ते उशिरा लागेल असं करता येतं का, ते फोन कंपनीला विचारा.

पडलंच कुणी, तर तिथेही घाई नको. आपल्याकडे माणूस पडला की चार जण धावतात आणि बगलेत हात घालून त्याला ताडकन उभं करतात. प्रेमापोटीच, पण मोडलेलं हाड त्याने सरकतं. पडलेल्याने एक मिनिट तसंच पडून राहावं आणि कुठे दुखतंय ते पाहावं. फार दुखत नसेल तर कुशीवर वळावं, हातांवर आणि गुडघ्यांवर यावं, रांगत भक्कम खुर्चीपाशी जावं, खुर्चीवर हात रोवून एक पाय पुढे घेऊन उठावं. उठवत नसेल तर अंगावर काहीतरी ओढून घ्यावं, हातपाय हलवत राहावं आणि हाक मारावी, भिंतीवर ठोकावं. थंड जमिनीवर तास न् तास निश्चल पडून राहण्याने वेगळंच दुखणं लागतं. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी इस्पितळात तपासणी हवीच.

आतापर्यंत लिहिलं ते फोन उचलायला जाण्याच्या घाईबद्दल. उचलल्यानंतरची घाई वेगळी, आणि ती समोरचा मुद्दाम लावतो. "मी तुमच्या बँकेतून बोलतोय, तुमच्या खात्यातून आत्ता, या क्षणी पैसे जात आहेत." "मी पोलीस आहे, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, फोन ठेवलात तर अटक होईल." अलीकडे भारतातल्या पोलिसांचं नाव सांगून आपल्याच भाषेत बोलणारेही असतात. 'डिजिटल अटक' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. भारताच्या कायद्यात अशी कुठलीही अटक नाही. पंतप्रधान मोदी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये याबद्दल बोलले, तेव्हा त्यांनीही पहिली पायरी 'थांबा' हीच सांगितली होती.

हे लोक तुम्हाला भोळे समजून फसवत नाहीत. त्यांनी फसवलेल्यांत निवृत्त शिक्षक आहेत, हिशेब तपासनीस आहेत. भीती वाटली की छाती धडधडते आणि माणूस एकाच गोष्टीकडे बघू लागतो, बाकीचं दिसेनासं होतं. विचार करायला दोन मिनिटं मिळाली तर हा बनाव टिकत नाही. म्हणूनच फोन ठेवू नका, घरात कोणाला सांगू नका, असा धोशा ते लावतात. खरी बँक तसं कधीच म्हणत नाही. फोन ठेवा. उद्धटपणा वाटला तरी ठेवा. पाणी प्या, शक्य असेल तर दुसऱ्या फोनवरून १५९ लावा. हा नंबर इथल्या बहुतेक मोठ्या बँकांशी थेट जोडून देतो. तिथे कळेल की काहीच झालेलं नाही.

पैसे गेलेच तर लाज धरून गप्प बसू नका, त्याच दिवशी बँकेला कळवा. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे. फसवून तुमच्याच हातून इथल्या दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायला लावले असतील, तर बहुतेक प्रकरणांत बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची. त्यातून १०० पौंडांपर्यंत बँक कापून घेऊ शकते. पण भारतात किंवा दुसऱ्या देशात पाठवलेल्या पैशांना आणि हातात दिलेल्या रोख रकमेला हा नियम लागू नाही. तिथली घाई फार महाग पडते. त्याच महिन्यात कायदाही बदलला. फसवणुकीचा सबळ संशय असेल तर आता बँकेला पैसे पाठवणं आणखी ७२ तासांपर्यंत रोखून धरता येतं. आपल्यातले एक गृहस्थ "माझेच पैसे आणि मलाच चार दिवस थांबवतात" म्हणून काउंटरवर तावातावाने भांडून आले. मला मात्र त्या काउंटरवरच्या मुलीचं कौतुक वाटलं.

सध्या आणखी एका निमित्ताने असे फोन येत आहेत. जानेवारी २०२७ पर्यंत जुन्या तांब्याच्या तारांवरचे घरचे फोन बंद होऊन सगळे इंटरनेटवर जायचे आहेत. हे खरं आहे. "आजच पैसे भरा नाहीतर फोन तुटेल" हे खोटं आहे. ज्यांच्या गळ्यात मदतीचं बटण आहे त्यांनी मात्र आपल्या फोन कंपनीला ते आधी सांगून ठेवायचं. नवा फोन वीज गेल्यावर बॅटरीशिवाय चालत नाही.

इतकं सगळं सबुरीचं सांगितल्यावर उलट बाजूही सांगायला हवी. फोनसाठी धावणारी आपली मंडळी जिथे खरंच धावायला हवं तिथे भलतीच सोशिक होतात. तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, तर सोमवारी सर्जरी उघडेल म्हणून शनिवार-रविवार काढायचा नाही. छातीत दाटून आलं तर आधी ओवा खाऊन बघू असं म्हणायचं नाही. ९९९ लावायचा, ताबडतोब. त्यांना त्रास होईल असं मनात आणू नका, तो त्यांचाच उद्योग आहे. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" ही म्हण आपण लहानपणी ऐकली. आता गुडघ्याला बाशिंगाऐवजी पट्टा आहे, पण उतावीळ कुठे व्हायचं आणि कुठे नाही, यातला आपला गोंधळ अजून तसाच.

आता समितीची विनंती.

पहिली, कठड्यांसाठी. इंग्लंडमध्ये गरज आहे असं तपासणीत ठरलं तर कौन्सिल १,००० पौंडांपर्यंतची छोटी कामं फुकट करून देते. जिन्याला दुसरा कठडा, बाथरूममध्ये धरायला दांडा, अशी कामं यात येतात. त्यासाठी कौन्सिलच्या समाजकल्याण विभागाला फोन करून ऑक्युपेशनल थेरपिस्टची भेट मागायची. फोन करायला भाषेची किंवा धीराची अडचण असेल तर आम्ही शेजारी बसून करून देऊ. मात्र ही तपासणी व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत घरातली सैल पायपुसणी काढणं, जिन्यावर चांगला दिवा लावणं, रात्रीसाठी पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवणं, या गोष्टी मंदिराच्या कल्याण निधीतून लगेच करता येतात. निधी त्यासाठीच आहे, मागायला कमीपणा नाही. ज्यांना देणं शक्य आहे त्यांनी पेटीत टाकताना पाकिटावर 'ज्येष्ठ कल्याण' असं लिहावं.

दुसरी, व्यायामासाठी. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, असं या देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं सांगणं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी खालच्या सभागृहात मी हा वर्ग घेते. खुर्चीतून उठणं-बसणं, टाचा उचलणं, कठड्याला धरून एका पायावर उभं राहणं. साडीत चालतो, चपला मात्र मागे पट्टा असलेल्या हव्यात. चहा नंतर.

तिसरी, फोनसाठी. एकट्या राहणाऱ्या आपल्या सभासदांना आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करणारे स्वयंसेवक हवे आहेत. वेळ आधी ठरलेली असली की समोरचा माणूस फोनशेजारी बसूनच असतो. पहिलं नाव काकूंनी दिलं आहे. सोमवारी चार वाजता त्या खुर्चीत बसून पाच जणांना फोन करतात. यादीत अजून सतरा जण आहेत. ज्यांना जमेल त्यांनी रविवारी आरतीनंतर पुस्तकांच्या टेबलावर नाव, फोन नंबर आणि सोयीची वेळ लिहून द्यावी. घंटी वीस वेळा वाजू द्यायची, ही एकच अट.